हौद्यावरचं कव्हर

कुठलाही प्रश्न विचारला की तो आधी आपल्या पिकअपच्या मागच्या पत्र्याच्या फाळक्यावर बोटांच्या पेरांनी टकटक करायचा. मग मान जराशी कलती करून थांबायचा, आतून कुणीतरी ओ देणार असल्यासारखा. आणि मग म्हणायचा, "इचारून सांगतो."

प्रश्न कोणता, याला महत्त्व नसायचं. उद्या जिंतूरचं भाडं आहे, येतोस का? इचारून सांगतो. चहा घेणार का? इचारून सांगतो, आणि तोवर चहा आलेला असला तर तो पिऊनही टाकायचा. एकदा मी त्याला त्याचं वय विचारलं. तेव्हाही त्यानं फाळका वाजवला. हे मात्र त्यानं खरंच कुणाला तरी विचारलं असावं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, माय म्हणायची की दुष्काळात झाला, पण कोणत्या दुष्काळात ते तिलाच सांगता यायचं न्हाई.

असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल, तुम्हीही त्याला रोज पाहत असाल. तो नेमकं कुणाला विचारतो, हे आपण कधी विचारत नाही. त्याच्या बायकोला वाटायचं, तो सरांना विचारतो. सर म्हणजे मी. मला वाटायचं, तो वहिनींना विचारतो. गाड्यांचे हूड शिवणाऱ्या चाचांना वाटायचं, आम्हा दोघांना विचारतो. हे सगळं आम्हाला तो गेल्यावर एकमेकांकडून कळलं. त्यातून जो गोंधळ झाला तोच लिहायला बसलो आहे. माझ्या डोक्यात तो अजून पुरता निवळलेला नाही, त्यामुळे लिहितानाही थोडा होईल.

मी पेडगावच्या शाळेत मराठी शिकवतो. एकटा राहतो, पुस्तकं बरीच आहेत, बोलणं कमी. समोरच त्याचं घर. संध्याकाळी गाडी लावली की तो माझ्या ओट्यावर येऊन बसायचा. मी वाचत असलो तर गप्प बसायचा. पान उलटलं की म्हणायचा, "झालं का?" जणू मी पुस्तक वाचत नसून त्या एका पानापुरतंच काही काम करत होतो.

आमची ओळख पुस्तकांमुळेच झाली. परभणीहून माझी खोकी त्याच्या पिकअपमधून आणली होती. मी पुढं केबिनमध्ये बसायला गेलो तर म्हणाला, सर, तुमी मागं बसा. मला आधी अपमान वाटला. तो म्हणाला, "पुस्तकाजवळ माणूस लागतंय. नुसता माल आसंल तर गाडी आदळती." मग मी हौद्यात खोक्यांच्या मधोमध बसून पेडगावला आलो. वाटेत भेटलेल्या दोन पालकांनी मला नमस्कार केला आणि नंतर गावात विचारलं, सरांची बदली झाली का.

त्याची पिकअप पांढरी होती, निदान मुळात. हौदा उघडा. त्या उघड्या हौद्यातून काय काय गेलं असेल. कापूस, कडबा, मांडवाचे बांबू, लग्नाची भांडी, पूर्णेला रेल्वेत लागलेल्या एका पोराचा पलंग. जयंतीच्या मिरवणुकीत प्रतिमा याच हौद्यात उभी राहायची आणि गणपतीही याच हौद्यातून जायचा. एका वर्षी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला मांडववाला आयत्या वेळी आला नाही, तेव्हा त्यानं गाडी मैदानात आडवी लावली, तिन्ही बाजूंचे फाळके पाडले आणि मुलांनी त्यावर नाच केले. तो स्टेअरिंगवर बसून ब्रेक दाबून होता. नाच संपेपर्यंत पाय काढला नाही. हँडब्रेक ओढ ना, असं मी म्हटलं, तर म्हणाला, लेकरं हायेत वर, हँडब्रेकवर कसा इश्वास ठेवावा.

आता मुद्द्याची गोष्ट. परभणीच्या मोंढ्यातल्या एका व्यापाऱ्यानं त्याला सांगितलं होतं की हौद्यावर पक्कं कव्हर बसव, मग बिस्किटं, साबण, तेलाचे डबे असा माल रोज देतो. जिंतूरपर्यंत आणि पुढं चारठाण्याच्या दुकानांपर्यंत पोहोचवायचा. रोजचं काम, बारा महिने. दोरीनं बांधलेली ताडपत्री त्याला चालणार नव्हती. धूळ जाते, पाणी जातं, आणि सिग्नलला उभं असताना हातही जातात. त्याला लोखंडी कमानींवर ताणून बसवलेलं, मागून पट्ट्यांनी बंद होणारं कव्हर पाहिजे होतं.

स्टँडवर उभं राहून भाड्याची वाट बघणाऱ्या माणसाला याहून चांगलं काय सांगायचं? लेक कॉलेज संपवून घरी बसली होती. वहिनींचे गुडघे शेतात जाऊ देत नव्हते. रोजचं काम लागलं असतं तर घराची घडी बसली असती. सगळ्यांनाच हे दिसत होतं. त्यालाही दिसत असावं.

त्यानं फाळका वाजवला आणि म्हणाला, इचारून सांगतो.

हे चांगलं वर्ष-दीड वर्ष चाललं. व्यापारी भला होता, थांबला. मधून मधून आठवण करायचा. आणि रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर तोच विषय निघायचा. मी शिक्षक माणूस, मी त्याला दोन्ही बाजू मांडून दाखवायचो. बसवण्याची बाजू मांडली की तो म्हणायचा, खरंय सर. न बसवण्याची बाजू मांडली की तितक्याच मनापासून म्हणायचा, हेबी खरंय. एकदा वैतागून मी म्हटलं, अरे, दोन्ही खरं कसं असेल? तर त्यानं मलाच विचारलं, "मग तुमी दोन्ही कामून सांगितलं?"

कव्हर बसलं की कडबा उंच भरता येणार नाही, असं तो कधी म्हणायचा. मिरवणुकीचं काय करायचं, असं कधी. कधी म्हणायचा वारं धरतं, गाडी डुलते. दर वेळी कारण नवं असायचं आणि दर वेळी ते मला पटायचं. परभणीच्या चाचांकडे जाऊन त्यानं हौद्याचं माप तर कितीदा दिलं. चाचा हूड शिवण्यात मुरलेले, दाढी पांढरी, टेप गळ्यात. एकदा मी बरोबर होतो तेव्हा ते मला म्हणाले, "सर, ये आदमी आज हौ बोलता, कल नक्को बोलता. गाडी वही, हौदा वही, नाप कित्ती बार लूँ?" तो बाजूला उभा राहून हसत होता. जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं होतं.

एक प्रसंग मात्र मी जपून ठेवला आहे. कापूस वेचणीचे दिवस होते. परभणीहून येताना मी केबिनमध्ये बसलो होतो, आणि वाटेत त्यानं वेचणीवरून परतणाऱ्या बायकांना मागं घेतलं. मालाच्या गाडीत माणसं बसवायची नसतात, हे त्याला आणि मला दोघांनाही ठाऊक होतं. पण शेवटची बस गेलेली होती. बायका उभ्यानं बोलत होत्या, एकमेकींच्या अंगावर पडत होत्या, हसत होत्या. तो गाडी चालवताना सारखा वरच्या आरशात बघत होता. केबिनच्या मागच्या काचेतून अख्खा हौदा त्या आरशात दिसायचा. रस्त्यापेक्षा त्याचं लक्ष तिकडंच जास्त, असं पाहून मी त्याला समोर बघायला सांगितलं.

तो म्हणाला, "कव्हर घातल्यावर मागं दिसत न्हाई सर मग."

मी म्हटलं, मागं काय बघायचं आहे? बिस्किटांची खोकी असणार.

त्याचा हात नेहमीसारखा वाजवायला फाळका शोधत गेला. फाळका मागं होता. मग त्यानं स्टेअरिंगवरच टकटक केली आणि म्हणाला, इचारून सांगतो.

मला वाटलं, हेच खरं कारण. त्या दिवसापासून मी कव्हरची बाजू मांडणं सोडलं. पण पुढं दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी तो ओट्यावर आला आणि हळूच म्हणाला, "नक्की केलं सर. बसवतो. घरी बोलू नका एवढ्यात." जाताना म्हणाला, बाकीचं उद्या सांगतो.

सकाळी तो चप्पल घालायला उंबऱ्यावर बसला तो उठलाच नाही. वहिनींनी हाक मारली तेव्हा त्यांना वाटलं, विचार करत बसलाय.

पुढचे दिवस कसे गेले ते मला सलग आठवत नाहीत. मी शाळेत जात होतो, शिकवत होतो. संध्याकाळी ओट्यावर पुस्तक घेऊन बसायचो. पान उलटलं की थांबायचो.

दहाव्याला आम्ही नदीवर गेलो. धाकटा भाऊ विधीला बसला. वहिनी आणि लेकही आल्या होत्या. चाचाही आले होते. टोपी नीट करून थोडे लांब, बाभळीखाली उभे. पिंड ठेवला. समोरच्या झाडावर कावळे होते, भरपूर होते. एकही खाली येईना.

तुम्ही अशा वेळी तिथं उभे राहिला असाल तर तुम्हाला माहीत आहे, माणसं कशी होतात. आधी गप्प, मग कुजबुज, मग मोठ्यानं कबुल्या. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर ती पुरी करतो असं म्हणायचं, म्हणजे कावळा शिवतो. भाऊ म्हणाला, पोरीचं लग्न मी लावून देतो. कावळे हलले नाहीत. वहिनींच्या भावानं सांगितलं, बहिणीला अंतर देणार नाही. एका कावळ्यानं तेवढी चोच पुसली. लेकीनं हळूच म्हटलं, "आबा, गाडी इकत न्हाई आमी." त्यावर एक कावळा खाली उतरला, पण पिंडापासून चार हात लांब बसला आणि आमच्याकडं पाहू लागला. मान थोडी कलती होती. मी शिकलेला माणूस आहे, यावर मी विश्वास ठेवत नाही, तरी मला ती मान ओळखीची वाटली हे खोटं कशाला सांगू?

मग गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आरं, कव्हरचं बोला की."

भावानं लगेच हात जोडून सांगितलं, दादा, गाडीला कव्हर बसवतो. कावळा जागचा हलला नाही. त्यावर वहिनी म्हणाल्या की तसं म्हणू नका, मला त्यांनी सांगितलं होतं, कव्हर घ्यायचंच न्हाई, आता पुन्हा इषय काढू नको. भाऊ म्हणाला, मला तर बसवतो म्हणला होता, गेल्या संक्रांतीला. बाभळीखालून चाचा दोन पावलं पुढं आले. बोलावं की नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. अखेर म्हणाले, "मेरे को बोले थे, चाचा, तुम सीके रखो, मैं पूछ के बोलता."

"कुनाला पूछके?" भावानं विचारलं.

चाचांनी आधी माझ्याकडं, मग वहिनींकडं बोट केलं. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मी वहिनींकडं पाहत होतो.

"सर, तुमीच सांगा," वहिनी म्हणाल्या. "तुमच्याजवळ रोज बसायचे. खरं काय ठरलं होतं?"

मला तो केबिनमधला आरसा आठवला, आणि ओट्यावरची ती शेवटची संध्याकाळही. नक्की केलं, असं तो म्हणाला होता; पण 'बाकीचं उद्या' असंही म्हणाला होता. मी काय सांगणार होतो हे मला आजही माहीत नाही. मी तोंड उघडलं. त्याच वेळी भाऊ म्हणाला, बसवतो रे दादा, आणि त्याच दमात वहिनी म्हणाल्या, न्हाई बसवत हो, न्हाई बसवत. लेकही काहीतरी बोलली, ते कुणाला ऐकूच आलं नाही. आणि कावळा टुणकन पुढं आला आणि शिवला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माणसं आंघोळीला पाण्यात उतरली. शिवला, शिवला, असं एकमेकांना सांगत होती. पण कशावर शिवला, हे विचारायची हिंमत कुणाला झाली नाही. ती झाली गावात परतल्यावर. मग मात्र गाव दोन बाजूंना झाला. भावाच्या बाजूचे म्हणत, बसवतो म्हटल्यावर शिवला, आम्ही डोळ्यांनी पाहिलं. वहिनींच्या बाजूचे म्हणत, चोच लागली ती 'न्हाई'वर. हॉटेलात एक जण म्हणाला, त्यो कावळा व्हता, त्याला भूक लागली आसंल. त्याचं कुणी मनावर घेतलं नाही.

घरात मात्र हा हसण्याचा विषय नव्हता. गाडी उंबऱ्यासमोर उभी होती. भाऊ चालवणार नव्हता, त्याचं शेत होतं. लेकीला गाडी येत होती, बापानंच शिकवली होती. व्यापाऱ्यानं निरोप धाडला होता की मुलगी चालवणार असेल तरी काम देतो, पण आता थांबत नाही, महिनाअखेर सांगा. वहिनी माझ्याकडं येऊन बसायच्या. त्यांना काम पाहिजे होतं. घरात दुसरं येणार तरी काय होतं? पण नवरा नको म्हणाला ते आपण डावललं, तर त्याच्या जिवाला काय वाटंल, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. "बरं, ते व्हय म्हणले आसतील आन मीच न्हाई ऐकलं आसंल तर?" असंही विचारायच्या. मी दोन्ही बाजू मांडून दाखवायचो नाही आता. ती सवय मोडली होती.

आरशाची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. ती सांगितली असती तर काम गेलं असतं. न सांगावी तर त्याचं एक खरं वाक्य फक्त माझ्यापाशी राहत होतं. आणि ते खरं होतं की माझ्यापुरतं दिलेलं आणखी एक कारण होतं, याचाही मला उलगडा होत नव्हता.

एका सकाळी शाळेला निघालो तर समोर पिकअप नव्हती. संध्याकाळी आली, आणि मी ओट्यावरून उठून उभा राहिलो. क्षणभर वाटलं, दुसऱ्याच कुणाची गाडी वळवायला गल्लीत शिरली. हौद्यावर हिरवं जाड कव्हर ताणून बसवलं होतं. कमानी, पट्ट्या, सगळं. लेक खाली उतरली. वहिनी दारात येऊन थांबल्या, पदर तोंडाशी धरून.

"सर, बघा की येऊन," ती म्हणाली.

कुणाला विचारून बसवलं, असं मी म्हणालो. माझ्या आवाजात शिक्षक आला होता.

"कुनालाच न्हाई," ती म्हणाली.

चाचांनी कव्हर केव्हाच शिवून ठेवलं होतं म्हणे. इतकं माप घेतल्यावर न शिवून कसं भागणार? गेलं वर्षभर त्याची घडी करून ते दुकानात त्यावर बसत होते. हिनं जाऊन मागितलं तेव्हा ते लगेच उठले. पण मग तिनं एक काम सांगितलं आणि चाचा चिडले. "सिया सो कपडा काटने लगाई छोरी," असं तिनं त्यांच्याच आवाजात मला करून दाखवलं. नक्कल तिला नीट येत नाही, तरी मी हसलो.

मी मागं गेलो. पट्ट्या सोडून तिनं कापड वर गुंडाळलं. आत अंधार असणार असं मी धरून चाललो होतो. अंधार नव्हता. केबिनच्या बाजूला, मागच्या काचेएवढा चौकोन कापडातून कापून काढला होता आणि तिथं जाड पारदर्शक प्लास्टिक शिवलं होतं. त्यातून केबिनची काच, काचेतून पुढचा रस्ता, आणि वर लटकलेला आरसा दिसत होता.

मी तिला विचारलं, हे तुला आबांनी सांगितलं होतं का?

"न्हाई," ती म्हणाली. "मी लहान आसताना मागंच बसायची. हितं, केबिनला पाठ लावून न्हाई, तोंड करून. मला आरशात आबाचे डोळे दिसायचे. ते दिसंनात तर मी रडायची म्हणे."

वहिनी दारातून उतरून जवळ आल्या. त्यांनी कव्हरला हात लावून पाहिला, दाबून पाहिला. मग त्या मागून आत वाकून त्या प्लास्टिकच्या खिडकीकडं बघत राहिल्या. "माल भरल्यावर झाकंल की गं हे," एवढंच म्हणाल्या.

"मधून वाट ठेवते," लेक म्हणाली.

फोन वाजला. मोंढ्यातून होता. उद्या किती वाजता येशील, असं विचारत असावेत. ती एकदम म्हणाली, "सातला." मी तिच्या हाताकडं पाहत होतो. हात फाळक्यावरच होता, पण वाजला नाही.

कावळा कशावर शिवला हे मला अजून कळलेलं नाही. तो असता तर त्याला हे कव्हर पटलं असतं का, तेही सांगता येत नाही. दोन्ही खरं, असं तो म्हणाला असता, आणि मी पुन्हा वैतागलो असतो.

सकाळी गाडी निघाली तेव्हा मी ओट्यावर होतो. हौदा रिकामा होता, मागचं कापड अजून वर गुंडाळलेलं होतं. गल्लीच्या वळणावर ती जरा थांबली. माझ्याकडून त्या लांबट हिरव्या बोगद्यातून आरपार दिसत होतं. प्लास्टिक, काच, आणि आरशात दोन डोळे, मागं बघणारे. एवढ्या लांबून कुणाचे ते ओळखू येत नव्हते. मी हात वर केला.